म्हशीचं दूध पिऊनही झोप का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, पुण्यात आयटीत नोकरी, रात्री साडेनऊ ते अकरा अमेरिकेतल्या टीमशी कॉल. मग जेवण, अंथरुणाला पाठ टेकायला बारा. डोळा लागतो दीडला, चारला जाग येते आणि मग झोपेचं नाव नाही. गेल्या काही वर्षांत वजन वाढलंय, बायकोची तक्रार आहे की घोरता फार. व्हॉट्सॲप आणि यूट्यूबवरचं वाचून-बघून महिनाभर रात्री ग्लासभर म्हशीचं दूध जायफळ घालून, सोबत अश्वगंधा चूर्ण, डोक्याला तेल, तळपायाला तूप, असं सगळं करून झालं. झोप आहे तिथेच. वर छातीत जळजळ आणि सकाळी अंग जड. त्यामुळे विचारलंय: ‘चरक-सुश्रुतांनी निद्रानाशाची कारणं काय सांगितली आहेत, त्यावर नेमकं औषध कोणतं, की हे सगळं थोतांडच?’

मी सातारा भागात वीसेक वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत दर आठवड्याला समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक आधीच सांगते: तुमची नाडी, जीभ, पोट मी पाहिलेलं नाही. त्यामुळे खाली तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते तुमच्याच वर्णनावरून केलेला अंदाज आहे. ग्रंथांबद्दल जे लिहिलंय ते मात्र खात्रीनं.

थोतांड नाही. तुम्ही केलेली बहुतेक प्रत्येक गोष्ट ग्रंथाला धरूनच आहे. अडचण अशी, की ती ज्या माणसासाठी सांगितली आहे तो माणूस तुम्ही नाही. तुमचा खरा प्रश्न ‘औषध कोणतं’ हा नाहीच. ‘माझी झोप कशामुळे गेली’ हा आहे. आणि गंमत म्हणजे जुने वैद्यही याच क्रमानं विचार करतात.

चरकसंहितेत झोपेची चर्चा कुठे येते ते बघण्यासारखं आहे. ती कुठल्या मनोविकाराच्या किंवा डोक्याच्या आजारांच्या अध्यायात नाही. सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय आहे ‘अष्टौनिन्दितीय’. त्यात लोकनिंदेचा विषय होणारी आठ प्रकारची शरीरं सांगितली आहेत: फार उंच, फार बुटका, अंगावर फार केस असलेला, अजिबात नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ, फार कृश. पहिल्या सहांना एका ओळीत निकालात काढून चरक थेट लठ्ठ आणि कृश यांच्याकडे वळतो आणि तिथून झोपेवर येतो. कारण त्याच्या मते माणूस लठ्ठ किंवा कृश होतो तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे, आहार आणि झोप. लठ्ठ माणसाच्या उपचारात तो जागरण हळूहळू वाढवायला सांगतो. कृश माणसाला झोप, आनंद, मऊ अंथरूण, निश्चिंत मन. कामाची चिंता नाही, खाणं भरपूर आणि झोप मनसोक्त, असा माणूस रानडुकरासारखा पोसतो, असंही त्यानं बिनदिक्कत लिहून ठेवलंय.

हा संदर्भ सोडून झोपेचे श्लोक सुटे उचलले की घोटाळा होतो. झोप आणणाऱ्या गोष्टींची चरकाची यादी वाचा: अंगाला तेल, उटणं, स्नान, मांसरस, दह्याबरोबर तांदळाचा भात, दूध, तूप-तेल, मद्य, मनाला सुख देणाऱ्या गोष्टी, आवडते वास आणि आवाज, अंग चेपून घेणं, डोळ्यांना तर्पण म्हणजे डोळ्यांवर तूप धरणं, डोक्याला आणि चेहऱ्याला लेप, नीट अंथरलेला बिछाना, सुखाचं घर आणि योग्य वेळ. ही जवळजवळ पूर्ण यादी शरीर भरून काढणारी, पोसणारी आहे. म्हणजे ज्याची झोप रूक्षतेनं, उपासमारीनं, थकव्यानं, वयानं गेली त्याच्यासाठी. ज्याचं वजन आधीच वाढतंय, रात्री उशिरा जेवण होतं आणि सकाळी अंग जड असतं, त्यानं ही यादी डोळे मिटून लावली तर जे व्हायचं तेच तुमचं झालं.

आता ‘नेमकं औषध’. चरकानं औषधी द्रव्यांचे त्यांच्या कामावरून पन्नास गट केले आहेत. भूक वाढवणारी दहा, खोकल्यावरची दहा, खाज थांबवणारी दहा, वेदना थांबवणारी दहा, शुद्धीवर आणणारी दहा. अगदी थकवा घालवणारी दहासुद्धा आहेत. झोप आणणाऱ्या औषधांचा गट त्यात नाही. मला हे अनवधान वाटत नाही. इतकी बारीक वर्गवारी करणारा माणूस एवढी रोजची तक्रार विसरेल कसा? झोपेला तो आहारासारखाच शरीराचा आधार मानतो. आहार, झोप आणि ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ. मूळ आधार निसटला तर तो का निसटला ते पाहायचं, असा त्याचा खाक्या दिसतो.

झोप आणणाऱ्या पदार्थांत सर्वांत श्रेष्ठ म्हणून त्यानं एकच नाव दिलंय, आणि ते तुम्ही महिनाभर पीत होतात: म्हशीचं दूध. पण दुसऱ्या ठिकाणी दुधांचे गुण सांगताना तो लिहितो की म्हशीचं दूध गाईच्या दुधापेक्षा पचायला जड, जास्त थंड, स्निग्धतेत भरपूर, आणि ते झोप न येणाऱ्याला तसंच ज्याचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, फार तीक्ष्ण आहे त्याला हितकर. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आहेत. ज्याचं खाल्लेलं चटकन जळून जातं अशा माणसाचं ते दूध आहे. रात्री सव्वाअकराला जेवून त्यावर पाऊण तासात ग्लासभर म्हशीचं दूध, हे कुठल्याही अग्नीला जास्तच झालं. छातीतली जळजळ तिथून आली असण्याची शक्यता मोठी आहे. आणि जळजळीनंही पहाटे जाग येते, हे लक्षात घ्या.

अश्वगंधेचंही तसंच. चरकाच्या गटांत ती ‘बृंहणीय’ आणि ‘बल्य’ या दोन्हींत येते, म्हणजे शरीर भरणारी आणि ताकद देणारी. हडकलेल्या, आजारातून उठलेल्या माणसाला मी ती आवर्जून देते. तिचा झोपेवर थोडा चांगला परिणाम होतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण तो सगळ्यांवर सारखा होत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा यकृताची काही तक्रार असेल तर ती विचारल्याशिवाय घेऊच नये.

आता कारणांकडे येऊ. चरकानं इथे एक फार सुंदर युक्ती केली आहे. अति झोपेवर काय उपाय करावे ते तो आधी सांगतो: विरेचन म्हणजे जुलाब देणं, शिरोविरेचन म्हणजे नस्य (नाकात औषध घालणं), वमन म्हणजे उलटी करवणं, भीती, चिंता, राग, औषधी धूम्रपान, व्यायाम, रक्तमोक्षण म्हणजे रक्त काढणं, उपवास, गैरसोयीचं अंथरूण, मनाचा सत्त्वगुण वाढवणं, तमोगुण जिंकणं. आणि लगेच पुढे म्हणतो की हीच निद्रानाशाची कारणं समजा. त्यात आणखी पाच घालतो: ‘कार्यं कालो विकारश्च प्रकृतिर्वायुरेव च’. काम, काळ, आजार, प्रकृती आणि वायू.

म्हणजे एकाचा उपचार तो दुसऱ्याचा आजार. सुश्रुत हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीनं मांडतो. त्याच्या मते झोप वातानं जाते, पित्तानं जाते, मनस्तापानं जाते, शरीराच्या झिजेनं जाते आणि मार लागल्यानं जाते. आणि ज्या कारणानं गेली त्याच्या उलट उपायानं परत येते. इतकं साधं. चिंतेवर तूप लावून काय होणार आणि झिजेवर समुपदेशन करून काय होणार?

चरकानं वर घातलेल्या पाच कारणांपैकी ‘काळ’ या शब्दाचा अर्थ चरकाचा टीकाकार चक्रपाणिदत्त म्हातारपण असा घेतो. वय झालेली माणसं स्वभावतःच जागी राहतात. हा अकराव्या शतकातला बंगालमधला वैद्य. माझ्याकडे सत्तरी ओलांडलेले कितीतरी लोक ‘झोप येत नाही’ म्हणून येतात आणि चौकशी केली की दुपारी दीड तास, संध्याकाळी टीव्हीसमोर अर्धा तास आणि रात्री पाच तास असा हिशेब निघतो. त्यांना आजार नसतो, फक्त दिवस रिकामा असतो. अशांना मी औषधाऐवजी दुपारची पथारी बंद करायला सांगते. दुपारी डोळे जडावले तर खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी चालेल. हेही चरकाचंच: रात्रीचं जागरण रूक्षता वाढवतं, दिवसाची झोप स्निग्धता वाढवते, पण बसून घेतलेली डुलकी दोन्ही करत नाही. आपली वामकुक्षी याच्या अधेमधे कुठेतरी येते. वीस मिनिटांत उठणार असाल तर माझी हरकत नसते, पंखा लावून चादर ओढली की हरकत असते. उन्हाळ्यात मात्र बहुतेकांना सूट, कारण रात्री लहान आणि शरीर कोरडं पडलेलं. लहान मुलं, म्हातारे, जखमी, वाटचालीनं किंवा ओझ्यानं थकलेले, शोकात असलेले, अशांची दिवसा झोपायला परवानगी असलेली लांबलचक यादीही त्याच अध्यायात आहे.

वातानं आणि वयानं झोप गेली तर तेल-तूप खरंच काम करतं, हे तुमच्या अनुभवाच्या उलट आहे म्हणून मुद्दाम सांगते. मागे एक आजी येत होत्या. किडकिडीत, कोरडी त्वचा, पायाच्या टाचांना भेगा, पोट साफ नाही, झोप लागली तरी तासाभरात दचकून जाग. त्यांच्या सुनेला मी शिकवलं: तळपायाला कोमट तूप लावायचं आणि काशाची वाटी घेऊन टाचेपासून बोटांकडे, मग गोल गोल, वाटीचा तळ काळपट होईपर्यंत घासायचं. एका पायाला साधारण दहा मिनिटं. डोक्याच्या टाळूवर चमचाभर कोमट तेल, कानात दोन थेंब. जेवण सातला, त्यात वाटीभर मऊ भात आणि तूप. पंधरवड्यात त्यांची झोप सलग तीन-चार तासांवर आली. ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात वाग्भटानं अभ्यंगाच्या, म्हणजे अंगाला तेल चोळण्याच्या, गुणांत चांगली झोप स्पष्ट सांगितली आहे आणि डोकं, कान आणि पाय यांना तेल विशेष लावावं असंही. पण त्याच्या पुढच्याच श्लोकात तो म्हणतो की कफानं ग्रासलेल्यानं, अजीर्ण झालेल्यानं आणि नुकतं शोधन, म्हणजे वमन-विरेचन, झालेल्यानं अभ्यंग करू नये. व्हॉट्सॲपवरच्या संदेशात हा श्लोक कधीच येत नाही.

‘काम’ या कारणाचा एक नमुना आमच्याकडे दर गळीत हंगामात बघायला मिळतो. साखर कारखान्यातले रात्रपाळीचे कामगार. सकाळी सुटून घरी येतात, भाकरी-कालवण पोटभर जेवतात आणि झोपतात. दोन-अडीच तासांत जाग, तोंड कडू, डोकं धरलेलं. वाग्भट सांगतो की सवय नसताना रात्री जागरण झालं, तर जेवढा वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपा. एखाद्या रात्रीच्या जागरणाचा हा नियम आहे. रोजच्या रात्रपाळीला निम्म्यावर भागत नाही, हे मी त्या कामगारांना सांगतेच. पण ‘काही न खाता’ हे शब्द लाख मोलाचे निघाले. आल्यावर हातपाय धुवून, फार तर पेलाभर गरम पाणी पिऊन आधी झोपायचं आणि उठल्यावर जेवायचं, एवढ्या बदलानं कितीतरी जणांची झोप चार-साडेचार तासांवर गेलेली मी पाहिली आहे. खिडकीला जाड पडदा हवा, हे वाग्भटानं सांगितलेलं नाही. ते मी सांगते.

पित्तानं झोप जाते ती निराळी. पित्त वाढल्याच्या लक्षणांत वाग्भट पिवळेपणा, भूक-तहान, दाह यांच्या जोडीला अल्पनिद्रा घालतो. माझ्याकडे अशी माणसं सहसा सांगतात की झोप लागते पटकन, पण मध्यरात्रीनंतर अंगात उष्णता जाणवून जाग येते, पांघरूण फेकतात, आणि डोकं लख्ख चालू होतं. त्यांना जागरण, तिखट, उशिराचं जेवण, रिकाम्या पोटी चहा हे बंद केल्याशिवाय काही उपयोग होत नाही. सुश्रुत रात्री द्राक्षं, साखर, उसाचे पदार्थ सांगतो. मी मनुका भिजवून देते, तेही मधुमेह नसेल तर.

मनस्तापाबद्दल वैद्यांच्या आधी विदुर आठवतो. महाभारतात धृतराष्ट्राला रात्री झोप येत नाही, म्हणून तो विदुराला बोलावून घेतो. तेव्हा विदुर सांगतो की बलवानाशी वैर पडलेला साधनहीन दुबळा, ज्याचं सगळं गेलं आहे तो, कामातुर आणि चोर, यांना जागरण गाठतं. म्हणजे विचारणाऱ्याला सरळ आरसाच. त्या उपपर्वाचं नावच प्रजागर. वाग्भट याची दुसरी बाजू दाखवतो. मंद झोपेच्या माणसाला दूध, दही, तेल, स्नान सांगून झाल्यावर तो प्रिय व्यक्तीचं आलिंगन, मनाची शांती आणि ‘कृतकृत्यता’ सांगतो, म्हणजे आजचं काम पूर्ण झालं अशी भावना. पुढे म्हणतो की संतोषानं तृप्त असलेल्याची झोप आपली वेळ चुकवत नाही. वाग्भटाच्या याच ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप होता. राज्याचे दप्तर सांभाळणाऱ्या त्या माणसाला कृतकृत्यता किती रात्री मिळाली असेल कोण जाणे.

तुमचा अकराला संपणारा कॉल इथेच येतो. कॉल संपतो, पण काम संपत नाही; उद्याचे तीन प्रश्न डोक्यात ठेवून तुम्ही ताटावर बसता. ‘कार्य’ आणि ‘चिंता’ ही दोन्ही कारणं एकाच तासात.

मद्य यादीत आहे, ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. आहे. चरकानं आणि वाग्भटानं दोघांनीही सांगितलंय. त्यांच्या मद्यविधीत मात्रा, ऋतू, सोबतचं जेवण, सोबतची माणसं, सगळ्याचे नियम आहेत. तुमच्यासारख्याला मी ते कधीही सांगणार नाही. दारूनं डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते, आणि घोरणाऱ्याचा घसा आणखी सैल पडतो. दह्याचाही असाच गुंता आहे. यादीत दही-भात आहे, पण दही रात्री खाऊ नये हेही चरकाचंच वाक्य. मी त्याचा अर्थ दुपारच्या जेवणातलं दही असा घेते. दुसरे वैद्य वेगळा अर्थ लावतील.

आता तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग, जो तुम्ही ओझरता लिहिलाय: वजन आणि घोरणं. सुश्रुत स्थूल माणसाची लक्षणं सांगताना थोड्या श्रमानं धाप, तहान, भूक, जास्त झोप, घाम यांच्याबरोबर ‘क्रथन’ हे लक्षण देतो, आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ श्वास अचानक अडणं असा केला आहे. सुश्रुताला आजचं स्लीप ॲप्निया माहीत होतं असा दावा मी करणार नाही. असले दावे आपल्या शास्त्राचं हसं करतात. पण जाड माणूस, श्वास अडणं आणि झोपेची तक्रार ही तिन्ही त्यांच्या नजरेत होती, एवढं नक्की. झोपेत श्वासाचा मार्ग बंद पडला की मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. हे रात्रीत कित्येकदा होतं आणि त्याला आठवतही नाही. सकाळी अंग जड, डोकं दुखणं, दिवसा मीटिंगमध्ये पेंग. आधी रक्तदाब, मग हृदय, असं ते पुढे सरकतं.

म्हणून बायकोला एक विचारा: घोरणं मध्येच थांबतं का, आणि मग दचकून, गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो का? उत्तर ‘हो’ असेल तर आधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि स्लीप स्टडी करून घ्या. हल्ली ती घरच्या घरीही करता येते. गरज निघाली तर नाकावर लावायचं सीपॅप मशीन देतात, त्याला नाक मुरडू नका. हे चरकाच्या पाचांतलं ‘विकार’ हे कारण आहे आणि मूळ विकार तसाच ठेवून झोपेवर उपचार करणं म्हणजे वेळ घालवणं. आणि एक इशारा: असा श्वास अडणाऱ्या माणसानं झोपेची गोळी स्वतःहून घेणं धोक्याचं असतं.

औषधांबद्दल विचारलंत म्हणून तेही सांगून टाकते. ग्रीक-रोमन वैद्यांकडे पूर्वीपासून अफू आणि मँड्रेक नावाच्या वनस्पतीची मुळं होती. त्यांच्यातल्या गेलन या प्रसिद्ध वैद्यानं तर लिहून ठेवलंय की म्हातारपणी झोपेसाठी तो संध्याकाळी लेट्यूसची पानं खायचा. आपल्याकडे चरक, सुश्रुत, वाग्भट या तिघांत अफू नाही. ती नंतरच्या, मध्ययुगातल्या शार्ङ्गधरसंहितेच्या काळात ग्रंथांत शिरते. तिथे भांग आणि अफू ही आधी सगळ्या शरीरात पसरून मग पचणाऱ्या द्रव्यांची उदाहरणं म्हणून दिली आहेत. मध्ययुगीन संग्रहग्रंथांत पिंपळमुळाचं चूर्ण गुळाबरोबर चाटवायचा प्रयोग येतो, आणि तो मी वापरतेही. सर्दी-कफाच्या, मंद भुकेच्या माणसाला तो छान लागू पडतो. पण पिंपळमूळ उष्ण आहे. छातीत जळजळ असताना तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. जायफळ सहाणेवर दोन-तीन वळसे उगाळण्याइतकंच. जास्त झालं की मळमळ, धडधड, भ्रम होतो, आणि लोक ‘नैसर्गिक आहे’ म्हणून चमचाभर पूड टाकतात.

सर्पगंधा या वनस्पतीचा किस्सा या सगळ्यातला सर्वांत शिकवणारा. वेड आणि निद्रानाश यांवर ती देशी वैद्यकात चालत होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलं. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. पुढे त्याच रेसर्पिननं काही रुग्णांना खोल नैराश्य येतं हेही दिसलं. म्हणून सर्पगंधा घटकात असलेली ‘झोपेची आयुर्वेदिक गोळी’ दुकानातून आणून घेऊ नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मुळीच नाही.

तुम्ही पुढचे तीन आठवडे काय करावं, ते माझ्या मते असं. दूध, अश्वगंधा आणि डोक्याचं तेल थांबवा. तळपायाचं तूप, हवं तर काशाच्या वाटीनं घासून, चालू ठेवा, त्यानं नुकसान नाही. जेवण कॉलच्या आधी, साडेसात-आठला; एखादी ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, भाजी. कॉलनंतर भूक लागली तर लाह्या किंवा पातळ मुगाचं कढण, बस्स. कॉल संपल्यावर उद्याची कामं वहीत लिहून वही बंद करा आणि अर्धा तास कुठलाही स्क्रीन नको. चारला जाग आली तर अंथरुणात लोळत घड्याळ बघू नका. उठून बाहेरच्या खोलीत बसा, डोळे जड झाले की परत या. पण सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. शनिवार-रविवारी दुपारी तीन तास झोपत असाल, आणि बहुतेक आयटीवाले झोपतात, तर ते बंद. सकाळी चाळीस मिनिटं भरभर चाला. वजन आणि झोप यांचा चरकानं लावलेला संबंध तुमच्या बाबतीत आजही लागू आहे. आणि जमलं तर साहेबांशी बोलून आठवड्यातले दोन कॉल तरी सकाळी घ्या. हा सल्ला औषधाच्या पुरवणीत नाही, तो चिकित्सेचाच भाग आहे.

यातलं किती लागू पडेल ते तुमच्या तपासण्यांवर अवलंबून आहे. स्लीप स्टडीबरोबर रक्तदाब, साखर आणि थायरॉइड बघून घ्या. मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, पहाटे जाग येऊन नको नको ते विचार येत असतील, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. पहाटेची जाग नैराश्यातही येते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. आधीपासून झोपेची ॲलोपॅथीची गोळी घेत असाल तर माझं हे वाचून ती एकदम बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्यानं कमी करा. रिपोर्ट आले की जवळच्या एखाद्या चांगल्या वैद्याला भेटा आणि जाताना आठवडाभराची नोंद न्या: किती वाजता जेवलात, किती वाजता पडलात, कधी जाग आली, आणि जाग आल्यावर आधी काय जाणवलं, दाह, धडधड, लघवी, की विचार.